गल्ल्याला परवाना हवा

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला, तेव्हा नऊ राज्यांमधून अवघे अठरा जिल्हे निवडले गेले होते. गुजरातेतले दोन होते : साबरकांठा आणि वडोदरा. त्या वर्षी वडोद्याच्या नागरवाड्यातली जी मुले पहिलीत बसली, ती आता पंचविशीला आली आहेत. त्यांची सारी शाळा आणि सारे कॉलेज या कार्यक्रमाच्या काळातच पार पडले. तंबाखूविरोधी शपथ, चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी, भिंतीवरचा फलक हे सगळे या पिढीच्या वाट्याला आले. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. प्रत्येक उपक्रमात ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी मुलावर टाकलेली आहे. शाळा सुटल्यावर वाटेत जो पानाचा गल्ला लागतो, त्याच्या मालकाकडे मात्र देशाच्या तंबाखू कायद्याने साधा विक्रीपरवानाही कधी मागितलेला नाही. तरुणांना तंबाखूपासून दूर ठेवण्याच्या सरकारी कार्यक्रमाचा भर आता मुलांकडून विक्रेत्याकडे वळवला पाहिजे, आणि जिथून हा कार्यक्रम सुरू झाला त्या वडोद्याने, नागरवाड्यासारख्या दाट जुन्या वस्तीपासून, त्याची सुरुवात केली पाहिजे.

आतापर्यंतचे प्रयत्न वाया गेले, असे कोणी म्हणू नये. तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची जी जागतिक पाहणी आपल्याकडे ठरावीक काळाने होते, तिच्यात २००३ साली तंबाखू वापरणाऱ्या मुलांचे प्रमाण १६.९ टक्के होते, २००९ मध्ये १४.६ आणि २०१९ मध्ये ८.५. प्रौढांच्या पाहणीतही पंधरा ते सतरा या वयोगटाचा आकडा २००९-१० मधल्या ९.६ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये ४.४ टक्क्यांवर आला. गुजरातेत सर्व प्रौढांमधले प्रमाण याच काळात २९.४ वरून २५.१ वर उतरले, महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६ वर. ही खरी घट आहे आणि तिच्यामागे कायदा, कर, चित्रमय इशारे आणि शाळांमधले काम यांचा वाटा आहे. पण २०१९ च्या त्याच पाहणीची पुढची पाने वाचली की समाधान टिकत नाही. धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळायची किंवा दातांना लावायची तंबाखू, सुरू करण्याचे मध्यक वय ९.९ वर्षे निघाले. म्हणजे जी मुले या वाटेला गेली त्यांतल्या निम्म्यांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच तोंडात तंबाखू धरली होती. बिडीसाठी हे वय साडेदहा, सिगारेटसाठी साडेअकरा. सिगारेट ओढणाऱ्या मुलांपैकी ६९ टक्क्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी ती दुकानातून, पानाच्या गादीवरून किंवा फेरीवाल्याकडून स्वतः विकत घेतली होती. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना वय लहान म्हणून कोणी अडवले नव्हते. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. तो गुन्हा दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, पैसे मोजून घडतो आणि सरकारच्याच पाहणीत नोंदला जातो.

गुजरातेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दिल्लीत ठरणाऱ्या धोरणात तो फारसा दिसत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने साठच्या दशकात भावनगर जिल्ह्यातल्या गावांमध्ये तोंडाच्या कर्करोगाची आणि त्याच्या पूर्वलक्षणांची पाहणी केली होती. १९९३-९४ मध्ये याच जिल्ह्यात पुन्हा पाहणी झाली. तंबाखू किंवा सुपारीचे सेवन करणाऱ्या ५,०१८ पुरुषांमध्ये १६४ जणांना तोंड आखडण्याचा विकार आढळला. या विकारात गालाच्या आतली त्वचा ताठ होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाची भीती असते. त्या १६४ पैकी चौघे सोडले तर बाकी सगळे सुपारी खाणारे होते, आणि ती सुपारी मुख्यतः माव्याच्या रूपात खाल्ली जात होती. हा आजार आणि सुपारीची सवय दोन्ही पस्तिशीच्या आतल्या पुरुषांमध्ये एकवटलेली होती, सुमारे ८५ टक्के. म्हाताऱ्यांचा मानला जाणारा रोग तरुणांच्या तोंडात शिरल्याची ती स्पष्ट नोंद होती आणि तिला आता तीन दशके उलटली आहेत.

मावा म्हणजे सुपारीचे बारीक काप, चुना आणि तंबाखू. प्लास्टिकच्या कागदात घालून तो गिऱ्हाइकासमोर चोळला जातो आणि हातात दिला जातो. विदर्भात खर्रा म्हणतात तो याचाच भाऊ. माव्याला कारखाना नाही आणि छापील पाकीटही नाही. आपली तंबाखूविरोधी यंत्रणा मात्र जवळजवळ सगळी पाकिटावर उभी आहे. २००९ पासून पाकिटावर चित्र आले, २०१६ पासून चित्रासह इशाऱ्याने पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला. त्याचा उपयोग झाला यात शंका नाही : २०१६-१७ च्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांनी ते चित्र पाहून सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले. पण मावा घेणाऱ्या मुलासमोर हे चित्र येतच नाही. सुटी सिगारेट घेणाऱ्यासमोरही येत नाही, कारण पाकीट दुकानदाराकडे राहते. गुटख्यावर गुजरातेत आणि महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली. तिचा आधार होता २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांमधली एक ओळ, की कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये. उत्पादकांनी उत्तर शोधले : पान मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी, दोन्ही एकाच दोरीला लटकलेल्या, आणि मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळहातावर. कारखान्यात व्हायचे ते काम रस्त्यावर आले. मावा तर आधीपासून तिथेच होता. म्हणून गुजरातेत, आणि महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात, ज्या एका ठिकाणी कायद्याचा हात तरुणाच्या सवयीपर्यंत पोहोचू शकतो ते ठिकाण म्हणजे गल्ला.

आजचा कायदा गल्ल्याला काय म्हणतो? मुलाला तंबाखू विकली किंवा शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत विकली, तर दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. ही रक्कम २००३ साली ठरली आणि केंद्रीय कायद्यात आजही तीच आहे. दुसऱ्या टोकाला २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७७ वे कलम आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. दोनशे रुपये एखाद्या दिवसाच्या खर्चात सहज खपून जातात. सात वर्षांची सजा एका पुडीसाठी मागायला कोणताही अंमलदार धजावणार नाही, आणि त्याने धजावू नये असेही मी म्हणेन. या दोन टोकांच्या मध्ये वापरता येईल अशी शिक्षाच कायद्याने ठेवलेली नाही. परवाना नेमकी ती जागा भरतो. पहिल्या चुकीला समज आणि बोचेल इतका दंड, दुसऱ्या वेळी पंधरा दिवस विक्री बंद, तिसऱ्या वेळी परवाना रद्द. दुकानदार तुरुंगात जात नाही, पण लहान मुलाला पुडी देताना त्याला गमावण्यासारखे काही उरते.

ही कल्पना नवी नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ सप्टेंबर २०१७ च्या पत्रात राज्यांना हेच सुचवले होते : तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थांनी परवाना द्यावा आणि अशा दुकानांत चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स, थंड पेये विकू देऊ नयेत. दुसरी अट पहिलीइतकीच मोलाची आहे. लहान मूल गल्ल्यावर पहिल्यांदा जाते ते गोळ्या-चॉकलेटासाठी, आणि तंबाखूच्या पुड्यांच्या माळा त्याच्या नजरेत बसतात त्या तिथे. हिमाचल प्रदेशाने २०१६ मध्ये सुट्या सिगारेट-बिडीवर बंदी आणि किरकोळ विक्रीची नोंदणी यांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुटी विक्री बंद केली. गल्ल्यांची नोंदणी मात्र त्यासोबत आली नाही, म्हणून तो आदेश कोणी कुठे मोडला याचा हिशेब ठेवायला चौकटच नाही. लखनौ महापालिकेने २०२१ मध्ये परवाना पद्धत आणली. कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून २०२५ मध्ये विक्रीचे किमान वय एकवीस केले आणि दंड हजार रुपयांवर नेला. आणि गुजरातेने स्वतः २०१७ मध्ये याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का बार बंद केले, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. राज्याला हा कायदा बदलता येत नाही, हे कारण त्यामुळे गुजरातेपुरते तरी निकालात निघाले आहे.

परवाना आणि तपासणी यांनी खरोखर फरक पडतो का, याला अमेरिकेचा अनुभव उत्तर देतो. तिथे १९९२ च्या एका दुरुस्तीने राज्यांना बंधन घातले की दुकानांची अचानक तपासणी करायची. अल्पवयीन मुलाला देखरेखीखाली खरेदीला पाठवायचे आणि किती दुकाने त्याला तंबाखू देतात ते मोजायचे. हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आले नाही तर राज्याचे केंद्रीय अनुदान कापले जाई. १९९७ मध्ये चाळीस टक्के दुकाने मुलांना तंबाखू देत होती. दहा वर्षांत हा आकडा अकरा टक्क्यांच्या आसपास आला. दुकानदार तेच होते. कोणीतरी नियमितपणे पाहते आहे आणि त्याचा परिणाम होतो आहे, एवढीच भर पडली होती. आपल्याकडे कार्यक्रमाची प्रगती किती शाळांमध्ये शपथ झाली यावर मोजली जाते. दहा गल्ल्यांपैकी किती गल्ल्यांनी मुलाला परत पाठवले, हे मोजायला लागलो तर कार्यक्रमाची दिशा आपोआप बदलेल.

मुलाच्या हितासाठी मोठ्यांना बांधून घेण्याची रीत वडोद्याला तरी परकी वाटू नये. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केले, तेव्हा गैरहजेरीचा दंड पालकाला होता. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यातही जाब विचारला तो लग्न लावणाऱ्यांना. त्या कायद्याची उणीवही आपल्याला शिकवणारी आहे : दंड भरूनही लग्ने होत राहिली, कारण दंड परवडत होता. दोनशे रुपयांच्या कलमाची गत याहून वेगळी नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप शिक्षणाच्या बाजूने येईल. मुलाला पटले तर तो गल्ल्याकडे फिरकणारच नाही, मग दुकानदारामागे कशाला लागायचे? शाळेतल्या कामाने फरक पडतो हे मान्यच आहे. दिल्ली आणि चेन्नईच्या बत्तीस शाळांमध्ये २००४ ते २००६ या काळात झालेल्या ‘मैत्री’ प्रकल्पात सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर दोन वर्षे काम झाले. जिथे हे काम नव्हते त्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, जिथे होते तिथे १७ टक्क्यांनी घटला. पण त्यात वर्गातले सलग तास होते, मुलांनीच मुलांचे नेतृत्व करणे होते, पालकांना सामील करून घेणे होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी या कामाचा कळस असतो ३१ मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन. गुजरातेत काय आणि महाराष्ट्रात काय, त्या दिवशी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. वर्गात मूल नसताना साजऱ्या होणाऱ्या दिवसावर एवढी भिस्त कशी ठेवायची? मंत्रालयाने २०२३ पासून साठ दिवसांची तरुणांसाठीची मोहीम सुरू केली, २०२४ मध्ये ती सप्टेंबरअखेर आली, ही सुधारणा आहे. तंबाखूमुक्त शाळेचे निकषही २०१९ पासून अधिक नेटके झाले आहेत. तरीही त्यातला शंभर यार्डांचा पिवळा पट्टा शाळेने आखायचा आणि त्याच्या आतला गल्ला हटवायचा तो दुसऱ्याच खात्याने, अशी विभागणी आहे. मुख्याध्यापकाच्या हातात रंगाचा डबा आहे, अधिकार नाही. दहा वर्षांच्या मुलाला पटवून देण्यावर सगळा भार टाकणे मुळातच अन्यायाचे आहे. ज्या वयात आपण त्याला एकट्याने रस्ता ओलांडू देत नाही, त्या वयात निकोटिनला नकार देण्याची समज त्याच्याकडे कशी मागायची?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो मनापासून ऐकला पाहिजे. गल्ला चालवणारा माणूस श्रीमंत नसतो. नागरवाड्यासारख्या भागात शाळा, देऊळ, दवाखाना, घर आणि दुकान एकमेकांना खेटून असतात. शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्ड मोजले तर एका शाळेचे वर्तुळ दुसरीच्या वर्तुळात शिरते. नियम अक्षरशः लावला तर बऱ्याच गल्ल्यांना जागाच उरणार नाही, आणि म्हणूनच तो लावला जात नाही. यावर प्रामाणिक उत्तर असे की विद्यमान विक्रेत्यांना मुदत द्यावी, निवडीची संधी द्यावी. पान, सरबत, बिस्किटे, वेफर्स विकणारा गल्ला शाळेजवळ राहू शकतो. तंबाखू विकायची तर वर्तुळाबाहेरची जागा आणि परवाना. नवे परवाने मर्यादित ठेवावेत. नियम पाळणाऱ्या दुकानदाराचाही यात फायदा आहे, कारण आज तो मुलाला परत पाठवतो आणि शेजारचा तेच गिऱ्हाईक घेतो.

परवाना म्हणजे हप्त्याची नवी वाट, ही शंकाही खरी आहे. तिचे निवारण पद्धतीत करावे लागेल. परवान्याचा क्रमांक दुकानावर मोठ्या अक्षरांत, वॉर्डातल्या सगळ्या परवान्यांची यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर गुजरातीत, तपासणीचा निकाल त्याच यादीत, आणि काम पोलिसांऐवजी आरोग्य खात्याकडे. कारवाईविरुद्ध अपिलाची सोयही हवी. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या यादीत लाच लपवणे कठीण जाते. आजच्या नोंदविरहित व्यवस्थेत ते सर्वांत सोपे आहे.

एक अडचण घरातून येते आणि तिची चर्चा फार कमी होते. वडील, काका किंवा आजोबा मुलालाच पैसे देऊन मावा आणायला पाठवतात. मूल गल्ल्याच्या ओळखीचे होते, आणि पुढे ते स्वतःसाठी घेते तेव्हा कोणाला वेगळे वाटत नाही. कायद्यात ‘घरच्यांसाठी’ अशी सूट नाही. नियमांप्रमाणे विक्रेत्याने वयाची खात्री करायची आहे आणि तसा फलकही लावायचा आहे. परवान्याची धास्ती असेल तर दुकानदार म्हणू शकेल, ‘बाळा, पप्पांना पाठव.’ हे वाक्य त्याला आज गिऱ्हाईक तोडणारे वाटते.

शेतकऱ्यांचा आणि महसुलाचा मुद्दा मी थोडक्यात घेतो. वडोद्याच्या उत्तरेला चरोतर, आणंद-खेडा जिल्ह्यांचा पट्टा, बिडीच्या तंबाखूचा. तिकडे बेळगाव जिल्ह्यातली निपाणी, जिथे १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी आंदोलन केले. या शेतकऱ्यांना पर्यायी पिकांसाठी खरी मदत हवी, पण त्यांचे पीक शाळकरी मुलांच्या खिशावर उभे आहे असे कोणी म्हणणार नाही. महसुलाचे म्हणाल, तर २०१७-१८ मध्ये तंबाखूमुळे देशाला सोसावा लागलेला खर्च १.७७ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, आणि तंबाखूवरच्या उत्पादन शुल्काचे उत्पन्न त्याच्या जेमतेम १२ टक्के. अशा वेळी जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले, हे तरुणांच्या दृष्टीने चुकीचे पाऊल होते. किंमत कमी झाली की सर्वांत आधी ओढला जातो तो ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसे आहेत तो.

नागरवाड्याची निवड का, असे कोणी विचारील. एप्रिल २०२० मध्ये करोनाचा शहरातला पहिला मोठा उद्रेक ज्या भागांत झाला त्यांत हा भाग होता. तो सील झाला, घरोघर तपासणी झाली. त्याच महिन्यात केंद्रीय गृहखात्याच्या आदेशाने देशभर तंबाखू-गुटख्याची विक्री आणि सार्वजनिक ठिकाणी थुंकणे यांवर कडक बंदी होती. महापालिकेचे आरोग्य खाते गल्लीबोळांत पोहोचू शकते आणि विक्री थांबवूही शकते, हे तेव्हा दिसले. आता तेवढ्या कठोरपणाची गरज नाही. शाळांच्या वर्तुळांतल्या गल्ल्यांची मोजणी उन्हाळ्याच्या सुट्टीत करावी, उपविधीचा मसुदा सर्वसाधारण सभेपुढे ठेवून राज्य सरकारच्या मान्यतेला पाठवावा, जूनमध्ये शाळा उघडताना विक्रेत्यांना दिवाळीपर्यंत मुदत द्यावी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली अचानक तपासणी करून तिचा आकडा, तो कसाही येवो, वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावा.